रश मारायचा कधी? शेवटच्या तीस मीटरचं गणित

राजारामपुरीतनं बोलतोय. ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांना परत बघायला सोपं जावं आणि ज्यांना क्लासमध्ये हेडफोन लावता येत नाही त्यांना गुपचूप वाचता यावं, म्हणून हा लिखित अवतार. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुम्हीच लावून धरला होता. गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त मेसेज आले ते एकाच प्रश्नाचे: "दादा, मला स्क्वॉडचा रशर व्हायचंय. कुठली गन घेऊ?" उत्तर देणार आहे, पण गन हा चौथा प्रश्न आहे. आधीचे तीन सोडवल्याशिवाय चौथ्याला हात घातला की काय होतं, ते रोज रात्री रँडम स्क्वॉडमध्ये दिसतंच. भाऊ एकटा पळत जातो, नॉक होतो आणि वर माईकवर ओरडतो, "अरे रिव्हाइव्ह द्या की!"

कोल्हापूरकराला अंतराचं गणित खरं तर शिकवायला नको. पन्नास मीटरवरनं नेम धरून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणणारा स्वप्नील कुसाळे आपल्याच जिल्ह्याचा. पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये २०१८ च्या एशियन गेम्सचं सोनं जिंकणारी राही सरनोबत आपल्या कोल्हापूरची. आणि शून्य मीटरचं काय विचारता? त्यासाठी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे, १९१२ पासूनचं. पन्नास, पंचवीस, शून्य. तिन्ही ठिकाणी हत्यार वेगळं, श्वास वेगळा, डोकं वेगळं. रशर म्हणजे पन्नासवरनं शून्याकडं जाणारा माणूस, आणि तो मरतो तो बहुतेक वेळा वाटेतच.

म्हणून आजच्या एपिसोडचं एकच म्हणणं: जवळची फाईट तिथं पोचायच्या आधीच अर्धी जिंकलेली किंवा हरलेली असते. रशरचं कॅरेक्टर घडवायचं म्हणजे ते शेवटचे तीस मीटर स्वस्तात पार करायची तयारी करायची.

कॅरेक्टर म्हणजे नेमकं काय?

आपण मुख्यतः बीजीएमआय धरून बोलू. फ्री फायर मॅक्सवाल्यांनो, रागावू नका, तुमचा वेगळा भाग खाली आहे.

बीजीएमआयमध्ये तुम्ही निवडलेला चेहरा आणि कपडे शोभेचे. नवा सूट घातला म्हणून क्लासिक मॅचमध्ये तुम्ही जास्त जोरात पळत नाही, की गोळी कमी लागत नाही. सगळे शंभर हेल्थनंच उतरतात. मग तुमचं कॅरेक्टर कशात असतं? चार गोष्टींत. तुम्ही कधी जाता, कुठल्या वाटेनं जाता, मागं कोण असतं आणि हातात काय असतं. बघा, गन चौथी आली.

हे मी उगाच तत्त्वज्ञान सांगत नाही. २०२० च्या सप्टेंबरात पबजी मोबाईल बंद झाला. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय आला. २०२२ च्या जुलैत तोही स्टोअरवरनं गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. एवढ्या उलथापालथीत कुणाच्या हौसेनं घेतलेल्या स्किन कुलुपात पडल्या, कुणाची रँक गेली. पण ज्याला वेळ ओळखता यायची, तो परत आल्यावर दोन-तीन दिवसांत जाग्यावर आला. अपडेटमध्ये जात नाही असं जे काही असतं, तेच आधी घडवायचं.

पाच सेकंदांचं गणित

आता वही काढा. खरंच काढा.

बीजीएमआयमध्ये तुमचा माणूस जोरात पळाला तर सेकंदाला साधारण सहा मीटर जातो. म्हणजे तीस मीटर पार करायला पाच सेकंद.

समोर उभा असलेल्याच्या हातात एम४१६ आहे. एका गोळीचं मूळ डॅमेज ४१ धरा. तुमच्या अंगावर लेव्हल दोनचं जॅकेट आहे, ते ४० टक्के मार खातं. म्हणजे अंगावर लागलेली एक गोळी साधारण पंचवीस हेल्थ नेते, आणि तीही पंचविसाला जराशी कमी, म्हणून पाच गोळ्या लागतात. दोन गोळ्यांमधलं अंतर ०.०८६ सेकंद. पहिल्या गोळीपासून पाचव्या गोळीपर्यंत चार अंतरं. उत्तर आलं ०.३४ सेकंद.

आता यूझी घ्या, जवळच्या फाईटची लाडकी. डॅमेज २६, जॅकेटातनं उरतं साडेपंधराच्या वर, म्हणजे सात गोळ्या. पण ती इतकी भरभर सुटते की दोन गोळ्यांत ०.०४८ सेकंदच. सहा अंतरांचे झाले ०.२९ सेकंद.

अपडेटगणिक हे आकडे थोडे इकडंतिकडं होतात, पण चित्र बदलत नाही. दोन गनमधला फरक आला सेकंदाचा विसावा भाग. आणि तुम्ही उघड्यावर पळत होता किती? पाच सेकंद. म्हणजे गन बदलून तुम्ही वाचवलं ०.०५ आणि वाट चुकवून घालवले पाच. त्या पाच सेकंदांत नेम धरलेला माणूस कागदावर तुम्हाला दहा वेळा पाडू शकतो. आता सांगा, पहिला प्रश्न गनचा आहे का?

पहिला प्रश्न हा आहे: समोरच्याचे हात कुठल्या पाच सेकंदांत गुंतलेले असतात?

त्याचीही यादी आहे, पाठच करून टाका. बँडेज लावायला चार सेकंद. एनर्जी ड्रिंक प्यायला चार. पेनकिलरला सहा. फर्स्ट एडला सहा, आणि तेही हेल्थ पंचाहत्तरपर्यंतच नेतं. मेडकिटला आठ. आणि सगळ्यात मोठी खिडकी म्हणजे पडलेल्या मित्राला उठवायला लागणारे दहा सेकंद.

लांबून दोन-तीन गोळ्या बसल्या, समोरचा भिंतीमागं गेला. आता तो काय करणार? फर्स्ट एड. सहा सेकंद. तुमचे तीस मीटर पाच सेकंदांचे. हिशेब जुळला! पण तुम्ही 'जाऊ का नको' करत दोन सेकंद घालवलेत, तर तुम्ही पोचेपर्यंत तो बरा होऊन दारावर नेम लावून बसलेला असतो. म्हणून अनुभवी रशर गोळी बसायच्या आधीच ठरवून असतो की बसली तर जायचं. निर्णय आधी, गोळी नंतर.

एक पळवाट मात्र लक्षात ठेवा. समोरचा फर्स्ट एड अर्धवट सोडून गन उचलू शकतो. तुमच्या पावलांचा आवाज आला की तो नेमकं तेच करणार. मिनीमॅपवर जवळच्या पावलांची खूण दिसते, त्यामुळं कानात हेडफोन नसला तरी तो तुम्हाला बघतोय. म्हणून तीसपैकी पहिले वीस मीटर पळायचं, शेवटचे काही मीटर वाकून जायचं. किंवा आपल्या माणसाला मागनं गोळ्या चालू ठेवायला सांगायचं, म्हणजे त्या दणदणाटात पावलं बुडून जातात.

तालमीतल्या पोरांना हे चटकन कळेल. कुस्ती लागली की पैलवान लगेच पटाला वाकत नाही. आधी खडाखडी होते, समोरच्याचा जोर कुठल्या पायावर आहे ते बघितलं जातं आणि तोल हलला त्याच क्षणी पट निघतो. बाहेरच्याला वाटतं, काय वेग आहे! वेग असतोच, पण तो थांबून राहिलेला असतो.

हातात काय असावं

आता चौथा प्रश्न. दोन गन असतात, दोघींना वेगळं काम द्या. पहिली गन खिडकी उघडायला, दुसरी आत शिरल्यावर.

पहिली एम४१६सारखी, जिच्यानं चाळीस-पन्नास मीटरवर दोन-चार गोळ्या खात्रीनं बसतील. अहो, खिडकी उघडलीच नाही तर जाणार कुठनं? नुसती शॉटगन आणि एसएमजी घेऊन फिरणाऱ्याला बाकीचे लांबूनच भाजून काढतात.

दुसरी तुमच्या स्वभावाप्रमाणं. यूएमपी४५ शांत आहे, स्प्रे हातात राहतो, नव्यानं रश शिकणाऱ्यानं इथनं सुरुवात करावी. यूझी आणि व्हेक्टर भन्नाट वेगाच्या, पण मॅगझिन डोळ्यादेखत रिकामं होतं, त्यामुळं एक्स्टेंडेड मॅग मिळाल्याशिवाय दोन माणसांवर जाऊ नका. शॉटगनमधली एस६८६ म्हणजे दोनच गोळ्या. दोन्ही बरोबर बसल्या तर समोरच्याला कळतही नाही, एक चुकली तर तुम्ही काठी धरून उभे. एस१२केमध्ये पाच गोळ्या आणि घोडा दाबत राहायची सोय. डीबीएसमध्ये चौदा बसतात, म्हणून ती हातात आली की लोक एकदम शूर होतात.

अटॅचमेंटचं एकच तत्त्व: शेवटच्या दहा मीटरला जे उपयोगी पडेल ते आधी. लेझर साईट लावली की स्कोप न उघडता मारलेल्या गोळ्या कमी विखुरतात. थंब ग्रिपनं स्कोप लवकर उघडतो. क्विकड्रॉ मॅगनं रीलोड झटपट होतो. स्कोप रेड डॉट किंवा होलो. दुसऱ्या गनवर तीन एक्स लावून घरात शिरणारा माणूस दुर्बीण लावून जेवायला बसल्यासारखा दिसतो.

पिशवी हीच खरी गन

तुमच्या बॅगेत गोळ्यांचा डोंगर असेल आणि एकही स्मोक नसेल, तर तुम्ही रशर नाही, गोळ्या वाहणारे हमाल आहात. कारण तीस मीटर पार करायला गोळी उपयोगी पडत नाही, स्मोक पडतो.

माझी बॅग सांगतो. पहिल्या गनच्या दीडशेच्या आसपास गोळ्या, दुसरीच्या शंभर. तीन-चार स्मोक, तीन-चार ग्रेनेड, जमलं तर एक मोलोटोव्ह आणि एक स्टन. फर्स्ट एड तीन, ड्रिंक चार-पाच. जागा कमी पडली की आधी गोळ्या टाकतो, स्मोक शेवटपर्यंत नाही.

स्मोक कुठं टाकायचा, यात मोठा घोळ होतो. बहुतेकजण स्वतःच्या पायाशी टाकतात. मग धुरातनं बाहेर पडतानाचा तुमचा आकार समोरच्याला स्वच्छ दिसतो आणि तुम्हाला मात्र तो दिसत नाही. रश मारताना स्मोक समोरच्याच्या डोळ्यांपुढं पडला पाहिजे, त्याच्या खिडकीखाली, त्याच्या दारात. धूर त्याच्या नशिबी, मोकळं तुमच्या.

दारातनं आत जाताना

बीजीएमआय आपण बहुतेक थर्ड पर्सनमध्ये खेळतो, म्हणजे कॅमेरा आपल्या पाठीमागं, जरासा वर. याचा फायदा आत लपलेल्याला होतो. तो भिंतीआड उभा राहून, स्वतःचं टोकही न दाखवता, कॅमेऱ्यानं दार बघत असतो. तुम्हाला तो दिसत नाही, त्याला तुम्ही दिसता. दोघांचा नेम सारखा असला तरी ही फाईट सारखी नाही. याला उत्तर हातांच्या वेगात नाही. उत्तर एकच: त्याला त्या जागेवरनं हलवायचं. ग्रेनेडचं मुख्य काम मारणं हे नसून घर बदलायला लावणं हे आहे. ग्रेनेड आत पडला की तो पळणार, आणि पळणाऱ्याची गन खाली असते. तीच खिडकी.

आता नेटवर्कची एक गंमत तुमच्या बाजूची. तुम्ही कोपऱ्यातनं झटक्यात बाहेर येता तेव्हा तुमच्या फोनवर तो लगेच दिसतो. पण तुम्ही बाहेर आलात ही बातमी आधी सर्व्हरला आणि तिथनं त्याच्या फोनवर जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ तुम्ही त्याला बघताय आणि तो अजून रिकामा कोपरा बघतोय. म्हणून ग्रेनेड टाकल्यावर हळूहळू डोकावायचं नाही. डोकवायचं तर झटक्यात, क्रॉसहेअर आधीच छातीच्या उंचीला लावून. पोचिंकीत घरं एकमेकांना खेटून आहेत, तिथं ही सवय रोज लागते.

आणि जिना. जिन्यावर वरचा माणूस कायम राजा असतो. त्याला तुमचं डोकं आधी दिसतं. वर ग्रेनेड गेल्याशिवाय जिना चढायचा नाही, आणि चढायचा तर एकट्यानं नाही. दुसरा दरवाजा, बाल्कनी किंवा मागची खिडकी असेल तर आधी ती.

बोटं, कान आणि फोन

आपल्यातल्या बऱ्याच जणांकडं साधे फोन आहेत, म्हणून हे सांगतो. ग्राफिक्स 'स्मूथ'वर आणि फ्रेम रेट तुमचा फोन देईल तेवढा वरचा. झाडाची पानं सुंदर दिसून काही मिळत नाही. जवळच्या फाईटमध्ये माणूस स्क्रीनवर सर्रकन आडवा जातो आणि फ्रेम कमी असल्या तर तो मधेच गायब होऊन दुसरीकडं उगवतो.

चार्जिंगला लावून खेळू नका. फोन तापला की फ्रेम पडतात, आणि त्या नेमक्या धूर-ग्रेनेडच्या गर्दीत पडतात.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येतो. पावलं ऐकून खेळणाऱ्याला तो किंचित उशीर महाग पडतो. साधा वायरचा हेडफोन बरा.

बोटांचं म्हणाल तर दोन अंगठ्यांनी रश होतो, पण पळणं, वळणं, उडी आणि गोळी एकाच वेळी जमत नाही. तिसरं बोट गोळीच्या बटणावर आणलं तरी मोठा फरक पडतो. जायरो लावणार असाल तर पंधरा दिवस हरायची तयारी ठेवा, आणि त्या पंधरा दिवसांत सेन्सिटिव्हिटीला रोज हात लावू नका. दुसऱ्याचा सेन्सिटिव्हिटी कोड टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून रंकाळ्याला फेरी मारण्यासारखं आहे. चालता येतं, पण सारखं लक्ष पायाकडंच.

सराव टीडीएममध्ये करा. वेअरहाऊसमध्ये चार विरुद्ध चार, चाळीस किल पहिले करेल तो जिंकला. हातांसाठी याहून चांगली तालीम नाही. पण टीडीएमची एक वाईट खोडही लागते. तिथं मेलं तरी लगेच परत उभं राहता येतं, म्हणून मरणाची किंमत कळत नाही. नुसतं टीडीएम खेळून आलेली पोरं क्लासिकमध्ये तशीच अंगावर जातात. हात तिथं तयार करा, डोकं क्लासिकमध्ये.

मागच्या तिघांचा तास

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं बोलतो.

आमचा स्क्वॉड चौघांचा. एकजण इथं राजारामपुरीतच दुकानात कामाला आहे, शटर खाली ओढून घरी जाऊन जेवेपर्यंत दहा वाजतात. एकजण इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या सबमिशन असतात. तिसरा अकरावीत. अठराच्या आतल्यांना बीजीएमआय दिवसाला तीन तासच खेळू देतं, आणि त्याची आई तेवढेही देत नाही. चौघांचा मिळून जमणारा वेळ म्हणजे रात्री दहा ते अकरा. एक तास. त्यात दोन मॅच नीट होतात.

मी रशर आहे. मी चौथ्या मिनिटाला विचार न करता पळालो तर मी एकटा मरत नाही. मला उठवायला सपोर्ट येतो, तो पडतो. त्याला झाकायला तिसरा येतो. दुकानातनं दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाचा अर्धा तास मी लॉबीत घालवतो. रशरच्या हातात गन असते हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या हातात बाकीच्या तिघांची संध्याकाळ असते, हे कमी जणांना दिसतं.

म्हणून आमच्यात तीन गोष्टी ठरलेल्या आहेत.

एक, रशर एकटा जात नाही. दुसरा माणूस त्याच्या मागं असतो, एवढ्या अंतरावर की एकाच ग्रेनेडनं दोघं पडणार नाहीत, पण पहिला पडला तर त्याला पाडणारा दोन सेकंदांत पडला पाहिजे. याला ट्रेड म्हणतात. मी पडलो आणि तो पडला, तर अजून आम्ही तीन आहोत. मी पडलो आणि तो उभा राहिला, तर माझं जाणं फुकट गेलं.

दोन, एकजण बाहेर राहतो आणि फाईटकडं पाठ करून उभा राहतो. गोळीबार ऐकून तिसरा स्क्वॉड येणारच. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण एरँगलसाठीच लिहिल्यासारखी आहे.

तीन, बोलणं तुटक. "एक नॉक. हिरवं घर. वरचा मजला. फर्स्ट एड मारतोय. जातोय." बस्स. "अरे तो बघ तिकडं, अरे तिकडं, झाडाजवळ" यानं कुणाचं भलं होत नाही. एरँगलवर किती झाडं आहेत, माहितीय ना?

गेल्या आठवड्यातली एक फाईट सांगतो, म्हणजे सगळं जुळेल. दुमजली घर, आत दोघं. आमच्या दुकानवाल्या दोस्तानं लांबून खिडकीतल्या एकाला नॉक केलं. मी आधीच घराच्या बाजूच्या कुंपणापाशी होतो, कारण नॉक झाला तर जायचं, हे ठरलेलं. आत उठवायला दहा सेकंद. मी स्मोक त्यांच्या दारात टाकला, पण दारानं गेलो नाही. मागच्या खिडकीनं गेलो. इंजिनिअर बाहेरनं दारावर गोळ्या मारत राहिला, त्यामुळं आतल्याला वाटलं आम्ही दारानं येतोय. मी वाकून आत शिरलो तेव्हा तो दाराकडं तोंड करून उभा होता, मित्राला अर्धवट उठवून. यूएमपीच्या गोळ्या किती लागल्या ते मोजलं नाही. अकरावीवाला तोवर पाठमोरा उभा राहून टेकडीवरनं येणाऱ्या स्क्वॉडवर नजर ठेवून होता. किल माझ्या नावावर आला. पण घर कुणी जिंकलं, सांगा बघू?

फ्री फायर मॅक्सवाल्यांसाठी

तुमच्याकडं कॅरेक्टर खरोखरच बांधता येतं. एक ॲक्टिव्ह स्किल, सोबत तीन पॅसिव्ह. आलोकच्या स्किलनं भोवतालच्या सगळ्या मित्रांचा वेग आणि हेल्थ वाढते. तात्सुया झपकन पुढं सरकतो. केली जास्त वेगानं पळते. हायातोची हेल्थ जशी कमी होते, तशी त्याची गोळी समोरच्याच्या चिलखतातनं जास्त आत जाते. प्रत्येक अपडेटला या स्किलची काटछाट होते, म्हणून पाठांतर न करता एक प्रश्न विचारा: हे स्किल मला अंतर पार करायला मदत करतं, पोचल्यावर जगवतं, की नुसतं मारायला मदत करतं? तिन्ही कामांना एक-एक तरी हवं. चारही स्किल मारण्याचीच घेतलीत तर मारायला पोचणार कोण?

तुमच्याकडचं सोनं म्हणजे ग्लू वॉल. आमचा स्मोक नुसता झाकतो, तुमची भिंत गोळी अडवते. रशर ती बचावाला कमी आणि पुढं सरकायला जास्त वापरतो: भिंत, पाच पावलं, परत भिंत. आणि खिडकीचा नियम तुमच्याकडंही तोच आहे. समोरच्यानं ॲक्टिव्ह स्किल वापरून टाकलं की ते परत भरेपर्यंतचा वेळ तुमचा.

कधी जायचं नाही

हा भाग कापून भिंतीवर चिकटवा.

समोर किती आहेत ते माहीत नसेल तर जायचं नाही. मागं ट्रेड द्यायला कुणी नसेल तर नाही. झोन तुमच्या पाठीवर आला असेल आणि समोरचा झोनमध्ये निवांत बसला असेल, तर घाई त्याला नाही, तुम्हाला आहे, आणि घाईत असलेला माणूस वाईट वाट निवडतो. पिंग लाल असेल तर नाही. आणि नुसता राग आला म्हणून तर अजिबात नाही.

स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी गुणांचा हिशेबही बघून घ्या. बीजीएमआयच्या अलीकडच्या स्पर्धांत पहिल्या नंबरला दहा गुण, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला पाच, चौथ्याला चार, असं उतरत जातं आणि प्रत्येक किलला एक. म्हणजे एक अख्खा स्क्वॉड साफ केला तर चार गुण, चौथ्या नंबरावर आल्याइतके. वाईट नाही. पण तो साफ करताना तुमचेही तिघं गेले, तर पुढचे गुण कोण आणणार? रश महाग झाला की हिशेबात दिसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस, रोज फक्त दोन क्लासिक मॅच. प्रत्येक रशनंतर, जिंकलात किंवा हरलात तरी, वहीत तीन शब्द लिहा: खिडकी कुठली, वाट कुठली, मागं कोण. फर्स्ट एड, मागची बाल्कनी, सपोर्ट. किंवा: नव्हती, सरळ मैदान, कुणी नाही. आठव्या दिवशी वही उघडा आणि कुठल्या ओळींपुढं तुम्ही जिवंत राहिलात ते मोजा. कुठली गन घ्यायची, ते मला विचारायची गरज पडणार नाही. ज्या गनवर आठ दिवसांत तुमचं लक्षच गेलं नाही आणि काम झालं, तीच तुमची.

वहीच्या पानाचा फोटो पाठवा, नाव झाकून पाठवलात तरी चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या पाच ओळी घेऊन बोलू, आणि त्यानंतर सपोर्टवर एक अख्खा भाग करायचाय, कारण त्या बिचाऱ्यावर कुणी भागच करत नाही.

तोवर खेळा, पण अकराला फोन ठेवा. सकाळी कॉलेज आहे. चला, येतो!